नाचघराच्या जमिनीवर सात पावलं

क्षणभर उभे राहा, पाय वाजवू नका. तुमच्या तळव्यांखालून मी बोलतेय. मी बेंगळूरच्या रोझबँक हॉटेलातल्या नाचघराची जमीन. सागवानी आहे, आणि ते सांगताना मला अजून बरं वाटतं.

माझं लाकूड शिमोग्याच्या रानातलं. सुतारांनी फळीला फळी अशी भिडवली की मध्ये पोस्टकार्ड शिरू नये. खाली हातभर पोकळी ठेवली, म्हणून पाऊल पडलं की मी घुमते. गोऱ्यांच्या या वस्तीत हॉटेलं बरीच होती. अशी जमीन आमच्याच हॉटेलात, असं साहेब लोकच म्हणत.

मला सांभाळायला व्यंकोजी होता. फार जुन्या काळी इकडे येऊन राहिलेल्या मराठ्यांपैकी. घरी मराठी, बाजारात कन्नड, साहेबापुढे गप्प. नारळाच्या काथ्याचं अर्धं सोडण तो पायाखाली धरायचा आणि मेण लावून मला घासत फिरायचा. एक पाय रोवलेला, दुसरा मागेपुढे. शेवटी संगजिऱ्याची पूड भुरभुरवायचा, म्हणजे नाचताना बूट सुळकन सरकावा. तीस वर्षं त्यानं हेच केलं.

मग साहेब गेले. हॉटेल त्रिविक्रमरावांनी घेतलं. माणूस भला, पण नाचघर रिकामं पडलेलं त्यांना बघवेना. लग्नांसाठी लोक दालन मागू लागले होते. अठ्ठावन्न साली त्यांनी ठरवलं, लाकूड उखडून मोझॅक घालायचं.

"लग्नात होम असतो, तेल सांडतं, हळद सांडते," ते म्हणाले. "लाकडाला ते सोसायचं नाही, व्यंकोजी."

व्यंकोजी वाकला, माझ्यावर तळहात टेकवला. मग म्हणाला, "एक लग्न होऊ द्या, धनी. एक डाग जरी पडला तरी पहार मीच आणून देतो."

"सरी, होऊ दे," रावसाहेब म्हणाले. "एकच."

ते लग्न मल्लेश्वरमच्या वीणाचं. तिची आजी कृष्णाबाई सगळं बघत होती. मुलाकडची मंडळी पुण्याची. व्यंकोजीनं आठ दिवस आधीपासून मला घासायला घेतलं. असा हात त्यानं आयुष्यात लावला नव्हता. झुंबराचा एकेक लोलक माझ्यात दिसत होता. शेवटी, सवयीनं, त्यानं संगजिरंही भुरभुरवलं.

चूक तिथंच झाली. त्याच्याही लक्षात आली नाही, माझ्याही. आम्हाला फक्त बूट ठाऊक होते.

सकाळी वरपक्ष आला. चपला बाहेर काढून सगळ्यांत पुढे नवरदेवाचे मामा, बिंदुमाधव. जरीकाठी धोतर, हातात नारळ. दुसऱ्या पावलाला ते बसले आणि बसल्या बसल्या थेट खांबापर्यंत गेले. नारळ त्यांच्याही पुढे गेला.

"मामा, मुहूर्ताला अजून तास आहे, एवढी घाई कसली?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हसा!" मामा ओरडले. "आम्हाला लग्नाला बोलावलंय का घसरगुंडीवर? उठवा मला कुणीतरी!"

उठवायला गेलेले दोघेही बसले.

कृष्णाबाई भिंतीच्या आधारानं पुढे आली. चिडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "व्यंकोजी अण्णा, माझी नात यावर सात पावलं चालायचीय. पडली तर लोक जन्मभर बोलतील."

व्यंकोजीचा चेहरा उतरला. आठ दिवसांची चमक त्यानं एकदा डोळे भरून पाहिली. मग न्हाणीघरातून कढत पाण्याच्या बादल्या आणल्या, भिजवलेला रिठा आणला, पोती आणली, आणि गुडघ्यांवर बसून स्वतः चढवलेलं मेण स्वतःच खरवडायला लागला. मला दुखत नव्हतं. दुखत असेल तर त्यालाच.

कृष्णाबाईनं पदर खोचला आणि शेजारी बसली.

"अक्का, तुम्ही नको," तो म्हणाला.

"स्वल्प सरका तिकडे," ती म्हणाली.

बिंदुमाधव मामा अजून खांबाशीच होते. "एक पोतं इकडे फेका," ते म्हणाले. "मी बसलेलाच आहे."

मुहूर्त टळला नाही. माझी जुनी कांती गेली होती, मी उघडी, खरखरीत झाले होते. आणि माझ्यावरून वीणा चालली. अनवाणी. आजवर मला टाचा टोचल्या होत्या, बुटांचे खिळे रुतले होते. मध्ये मेण नसताना माणसाचा ऊबदार तळवा पहिल्यांदाच लागला. सात वेळा. एकदाही ती डगमगली नाही.

होमकुंड विटांवर, ओल्या वाळूत बसवलं होतं. सात पावलांच्या आधी लाह्या पडल्या तेव्हा एक निखारा उडाला आणि वाळूपलीकडे माझ्यावर येऊन पडला. सगळ्यांचे डोळे नवरा-नवरीवर होते. व्यंकोजीनं पाहिलं. पाणी आणायला वेळ नव्हता, त्यानं सरळ तळहात ठेवला आणि निखारा विझेपर्यंत उचलला नाही. तरी चिंचोक्याएवढा काळा डाग राहिलाच.

जेवणं उरकल्यावर रावसाहेब आले, बरोबर मोझॅकवाला. त्या डागावर सहज एखादी पत्रावळ सरकवता आली असती. व्यंकोजी स्वतःच तिथं जाऊन उभा राहिला.

"धनी, इथं पडला. पहार आणतो."

त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं रावसाहेबांनी पाहिलं. ते काही बोलायच्या आत कृष्णाबाई बोलली. ती माझ्यावरच पाय पसरून बसली होती.

"रावसाहेब, थोरल्या नातीचं लग्न बसवनगुडीत मोझॅकवर झालं. मार्गशीर्षाची थंडी, चार दिवस माझे गुडघे धरले होते. इथं पहाटेपासून चटईशिवाय बसलेय. धाकटीचं फाल्गुनात आहे. ही जमीन असेल तर इथं. नसेल तर दुसरीकडे बघते."

रावसाहेबांनी चपला काढल्या. चार पावलं माझ्यावर चालून पाहिली. मग मोझॅकवाल्याला म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन जा."

त्याला आता नऊ वर्षं झाली. कितीतरी नवऱ्या माझ्यावरून चालल्या. नाताळात अजूनही बँड वाजतो, तेव्हा मेण चढतं. लग्नाआधी रिठ्यानं उतरतं. दोन्ही तऱ्हा सोसणारी जमीन अख्ख्या बेंगळुरात दाखवा, मी हार मानेन. भटजी येतात ते आधी काळा डाग शोधतात आणि त्याच्याच अलीकडे विटा मांडतात.

नवीन व्यवस्थापक परवा सुताराला घेऊन आले होते. म्हणाले, रंधा मारला की डाग निघेल.

निघेल, मला ठाऊक आहे. पण ऐका. त्याच निखाऱ्याचा दुसरा डाग व्यंकोजीच्या तळहातावर होता. गेल्या वर्षी तो त्याच्याबरोबर गेला. माझ्यावरचा राहू द्या.