फुकटचं प्यादं

"हरलास तर उद्यापासून परत दवाखान्यात जायचं. कुरकुर न करता यंत्राला लावून घ्यायचं," पट मांडतानाच मी दादाला बजावलं.

"आणि जिंकलो तर?"

"तर तो विषय मी पुन्हा काढणार नाही."

"बाळाची शपथ?"

माझं पिल्लू मांडीवर झोपलं होतं. मी शपथ घेऊन टाकली, कारण दादा माझ्याकडून हरतोच. लहानपणापासून हरत आलाय. लिफ्ट दुरुस्त करणारा माझा थोरला भाऊ. त्याचं डोकं पाना-पकडीत चालतं, पटावर नाही, असं घरात सगळेच म्हणायचे. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर होता, त्याला विटून गेल्या आठवड्यापासून त्यानं दवाखान्यात जाणंच सोडलं होतं.

पांढरी माझी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. त्यानंही तेच केलं. मग मी शेजारचं, उंटापुढचं प्यादं त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. ते तो नेहमी मारतो. "फुकटचं कोण सोडतं गं, मने?" म्हणतो आणि ते एक प्यादं सांभाळता सांभाळता सगळा डाव घालवतो.

आज सुजलेल्या बोटांनी त्यानं राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

"अरे, घे की! फुकट आहे."

"नको. पोट भरलंय."

मी हसले. मग त्याचे घोडे निघाले, उंट निघाले, राजा कोपऱ्यात जाऊन बसला. एकेक मोहरं नेमक्या जागी. माझा वजीर कोंडला तेव्हा मला घाम फुटला. बाळ चुळबुळलं, तर दादाच म्हणाला, "थोपट त्याला आधी. मी थांबतो."

थोपटता थोपटता माझ्या लक्षात आलं, असं खेळणारा माणूस एका प्याद्यापायी डाव घालवणारा नव्हेच.

"दादा, तू मुद्दाम हरायचास?"

"तू रडायचीस गं. जेवायची नाहीस."

"मग आजही रडते. हर ना रे."

त्यानं पटावरची नजर काढली नाही. "शह," म्हणाला, हळूच, बाळ उठू नये म्हणून. मग आणखी एकदा. माझ्या राजाला घर उरलं नाही.

"मने, पाणी आण गं. पेला भरून."

डॉक्टरांनी त्याचं पाणी घोटांवर आणलं होतं. पण मी बाळाची शपथ घेतली होती. मी बाळाला त्याच्या मांडीवर दिलं, आत गेले आणि पेला काठोकाठ भरला.