गवसणीतले ग्राफिक्स कार्ड

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. खेळाच्या संगणकातले नव्हे, कामाच्या संगणकातले. एका कार्यशाळेच्या फळीवर, जाड कापडाच्या पिशवीत मी पडून असतो. माझ्या शेजारी सात पोकळ कवचे ओळीने मांडली आहेत. पहिले पाण्याच्या पेल्याएवढे, शेवटचे फुलदाणीएवढे. सातही एकाच मुलीच्या पायाची आहेत. ती वाढत गेली, कवचे मागे राहिली.

मित्रांनो, कार्डाला ऐकू कसे येते आणि बोलता कसे येते, असे तुम्ही विचाराल. जुन्या छत्रीला आणि फुटक्या पाटीला येते, तसेच.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा एक कणही चालत नसे. माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यांत वावरत. तिथे माझी चिप तयार झाली, मग ती एका पट्टीवर बसवली गेली, तिच्यावर उष्णता बाहेर टाकणारा तांब्याच्या पातळ पापुद्र्यांचा थर आला आणि एका टोकाला पंखा. माझी लांबी सत्तावीस सेंटीमीटर, वजन किलोपेक्षा थोडे जास्त. ऐन कामात मला दोनशे पस्तीस वॅट वीज लागते, म्हणजे छताचे चार पंखे फिरवण्याइतकी.

ही वीज मी कशावर खर्च करतो? संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे आठ-दहा हुशार पंडित समजा. मी म्हणजे साडेतीन हजार मुलांची शाळा. प्रत्येक मुलाला एकच छोटे गणित द्यायचे आणि सगळ्यांनी ते एकदम सोडवायचे. अशी सेकंदाला पाच लाख कोटी गणिते मी करतो. माझी स्मृती सोळा गिगाबाइटची. तिच्यात दर चौसष्ट खुणांमागे आठ खुणा पहारेकरी म्हणून ठेवलेल्या असतात. एखादी खूण चुकून उलटी झालीच, तर पहारेकरी ती ओळखतात आणि मी ती जागच्या जागी दुरुस्त करतो. माझ्या खोक्यावर ही गोष्ट सगळ्यांत बारीक अक्षरांत छापली होती. मला मात्र तिचाच जास्त अभिमान होता.

कारखान्यात सगळ्या परीक्षांमध्ये मी उत्तीर्ण झालो आणि माझे आकडे एका तक्त्यात छापले गेले. त्या तक्त्याखाली एक ओळ होती: 'पंचवीस अंश तापमानाच्या खोलीत, मोकळ्या हवेत'. ती ओळ कुणी वाचत नाही. माझी सगळी कहाणी त्या एका ओळीची आहे.

मी आलो तो कृत्रिम पाय बनवणाऱ्या बापलेकीच्या कार्यशाळेत. बापाला सगळे बाबा म्हणत आणि लेकीला ताई, म्हणून मीही तसेच म्हणतो. बाबांनी चाळीस वर्षे हाताने पाय घडवले होते. प्लास्टरचा साचा घ्यायचा, कानशीने घासायचा, अंगठा फिरवून उंचसखल पाहायचे. मग त्या साच्यावर कवच ओतायचे. या कवचात उरलेला पाय बसतो आणि चालताना सगळा भार त्याच्यावर येतो. ताईची पद्धत निराळी होती. ती हातातल्या स्कॅनरने पायाचा आकार टिपायची आणि पाऊल टाकल्यावर हाडावर कुठे किती दाब येईल, हे मला विचारायची. मी अडतीस मिनिटांत चित्र काढून द्यायचो. जिथे दाब कमी तिथे निळे, जिथे जास्त तिथे लाल. लाल दिसले की ताई आकार थोडा बदलायची आणि पुन्हा विचारायची. एका पायाला अशा सहा फेऱ्या लागत.

"माझा अंगठा विजेवर चालत नाही," बाबा म्हणायचे.

"त्याला लाल-निळंही दिसत नाही, बाबा."

"दिसत नसेल, पण कळतं."

असे त्यांचे रोज चाले. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते. प्रत्येक कवचाला तळाशी एक बारीक भोक हवेच. ते बाबांचे ब्रीदच होते. "भोक विसरलं की हवा अडकते. पाय आत जात नाही, आणि गेलाच तर बाहेर येत नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

माझ्या पंख्याच्या आवाजाने डोके उठते म्हणून ताईने माझी पेटी, म्हणजे संगणकाचे खोके, भिंतीपलीकडे, कार्यशाळेत एका बाकावर ठेवली होती. संगणकाचा पडदा तिच्या खोलीत आणि मी बाहेर, बाबांच्या शेजारी. तिथे दिवसभर कानस चाले आणि प्लास्टरची पांढरी धूळ उडे. ताई दर शनिवारी पेटी पुसायची आणि कपाळाला हात लावायची.

बाबांनी ते पाहिले. एका सकाळी त्यांनी टेप काढली, पेटीचे माप तीन वेळा घेतले आणि पायाचे पट्टे शिवायच्या जाड कापडातून पेटीला गवसणी शिवली. एखाद्या महागड्या वाद्याला शिवावी तशी. कडांना दुहेरी टीप, बटणावर उघडणारी झडप, मागे वायरींपुरती चीर. कुठे सुरकुती नाही की फट नाही.

"कशी बसलीय बघ! धुळीच्या बापाची आत जायची टाप नाही," बाबा म्हणाले.

"झकास!" ताई म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

मित्रांनो, घोळ इथेच झाला. संगणक बंद झाल्यावर बाबा गवसणी घालतील, असे ताईने धरले. बाबांचा हिशेब सरळ होता: धूळ उडते कानस चालू असताना, म्हणजे सकाळी कानस हातात घेण्याआधी गवसणी चढवायची. मध्ये भिंत होती. तिला ती चढताना दिसत नव्हती आणि त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही.

आधी मी काम करताना पासष्ट अंशांवर असायचो. आता ऐंशीवर गेलो, मग नव्वदीच्या पुढे. त्यात गवसणीखाली पूर्वीची धूळ होतीच, आता कापडाचे तंतूही आले. दोन्ही मिळून माझ्या तांब्याच्या पापुद्र्यांत लोकरीच्या नमद्यासारखी दाट बसली. फार तापलो की वेग कमी करायचा, अशी आम्हाला शिकवणच असते. जळून जाण्यापेक्षा हळू चालणे बरे. अडतीस मिनिटांची फेरी तासावर गेली, मग दोन तासांवर, शेवटी तीन तास दहा मिनिटांवर. पण उत्तर एकदाही चुकले नाही, आणि तेच अंगाशी आले. उत्तरे चुकली असती, तर ताईने कारण शोधले असते. उत्तरे बरोबर आणि उशिरा येत राहिली, म्हणून तिला वाटले, कार्ड म्हातारे झाले. माझे तापमान दाखवणारी एक लहानशी खिडकी तिच्या पडद्यावर उघडता येत होती. ती तिने उघडली नाही. तिने दुकानदाराला फोन करून नवे कार्ड मागवले. तो म्हणाला, दहा दिवस लागतील.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी दहा वाजता भिंगरी आली.

भिंगरी नऊ वर्षांची. तिचा डावा पाय जन्मापासूनच गुडघ्याखाली नाही. पहिला कृत्रिम पाय मिळाला तेव्हा ती त्याच्यावर उभी राहून गरकन फिरली होती, म्हणून बाबांनी हे नाव ठेवले. आता जुने कवच घट्ट झाले होते आणि हाडाच्या टोकाला जखम झाली होती. ती कुबड्या घेऊन आली. सोबत आई होती.

"सोमवारपासून नवीन शाळा आहे हिची," आई म्हणाली. "वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मी म्हणते, आठवडाभर उशिरा गेली तर काय बिघडतं? शाळा काय पळून जाणार आहे?"

"शाळा नाही, पण पहिला दिवस जातो ना पळून!" भिंगरी म्हणाली. "आणि कुबड्या घेऊन मी जाणार नाही. पहिल्या दिवशी जे दिसतं, तेच नाव पडतं. मग दहावीपर्यंत तेच."

"पायाचं त्यांना कधीतरी कळणारच की, बाळा."

"कळू दे. पण मी सांगेन तेव्हा."

ताईने मनातल्या मनात वेळ जुळवली. साचा कोरणे, कवच ओतणे, ते घट्ट होणे, पाऊल जोडणे, याला शनिवार आणि रविवार लागणार. म्हणजे सहाही फेऱ्या आजच संपायला हव्यात. तिने आकार टिपला आणि पहिली फेरी माझ्याकडे पाठवली. ती संपायला एक वाजून गेला. चित्रात हाडाच्या टोकाला लालभडक ठिपका होता.

"या वेगाने उद्या सकाळ उजाडेल," ती बाहेर येऊन म्हणाली. "नाही जमणार, बाबा."

"मी करतो हाताने," बाबा उठले. त्यांनी भिंगरीचा पाय हातात घेतला, जखमेच्या कडेने अंगठा फिरवला आणि थांबले. मागचे कवच घाईच्या दिवसांत त्यांनीच हाताने केले होते. "नको," ते हळू आवाजात म्हणाले. "हा डाग माझ्याच अंगठ्याचा आहे. पुन्हा नको."

ताई दुसरी फेरी सुरू करायला आत गेली. आई फोन करायला दारापाशी गेली. भिंगरी टकटक करत बाकापाशी आली, माझ्या पेटीला टेकून बसली आणि दचकून सरकली. तिने गवसणीवर तळहात ठेवला.

"आजोबा, याला ताप आलाय!"

"यंत्र आहे ते. तापतंच थोडं."

"थोडं? हात लावून बघा. उकडून मरतोय आत. कवचाच्या आत घालायच्या त्या रबरी मोज्यात माझ्या पायाचं होतं ना, तस्सं झालंय."

"अगं, धूळ जाऊ नये म्हणून घातलंय ते."

"मग हवा कुठून जाते?"

बाबा पेटीपाशी आले. त्यांनी गवसणीच्या शिवणीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. समोरून, बाजूने, मागच्या चिरेपर्यंत. चीर वायरींनी गच्च भरली होती. कवच पुरे झाल्यावर ते याच पद्धतीने तळाशी भोक चाचपून बघत. अंगठा पूर्ण फेरा मारून पहिल्या जागी आला. बाबांनी भिंतीवर थाप मारली.

"ताई, बाहेर ये. भोक ठेवायचं राहिलं."

ताई आली आणि बघतच राहिली. "हे तुम्ही दिवसभर घालता?"

"मग कधी घालणार? धूळ काय तुला विचारून उडते?"

"मला वाटलं, बंद केल्यावर घालता!"

"बंद झालेल्याला गवसणी? मी काय येडा आहे?"

यावर हसावे की रडावे ते ताईला कळेना. भिंगरी मात्र खुदकन हसली.

त्यांनी संगणक बंद केला, मला गार होऊ दिले आणि पेटी उघडली. ताईने पिचकारीने हवा मारायला घेतली, तेव्हा माझा पंखा वेड्यासारखा फिरू लागला. बाबांनी झटकन त्याच्यावर अंगठा ठेवला. "असा फुकट गरगरला तर दांडा खराब होईल. मार आता." मग साच्यांवरून फिरवायच्या मऊ कुंच्याने त्यांनी माझा एकेक पापुद्रा मोकळा केला. आतून निघालेल्या नमद्याचा त्यांनी गोळा केला, तळहातावर धरून पाहिला आणि टाकून दिला.

अडीच वाजता दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी ताईने ती लहान खिडकीही उघडली: सहासष्ट अंश. फेरी एकोणचाळीस मिनिटांत संपली. एक मिनिट जास्त लागले, ते माझ्या वयाचे धरा. चौथ्या फेरीत लाल ठिपका केशरी झाला, पाचव्यात पिवळा. सहाव्या फेरीचे चित्र आले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. हाडाच्या टोकाला निळा रंग होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिले आणि मग डोळे मिटून भिंगरीच्या पायावर अंगठा टेकवला. "हो," ते म्हणाले. "इथंच."

रविवारी संध्याकाळी पाय तयार झाला. तळाचे भोक बाबांनी स्वतः पाडले आणि भिंगरीच्या नाकासमोर धरले. "बघून घे. आहे ना?"

"आहे."

सोमवारी ती शाळेतून परस्पर आली. "तीन मजले, अठ्ठावन्न पायऱ्या," तिने दारातूनच सांगितले. "दुपारपर्यंत कुणाला कळलंच नाही. मग मीच दाखवला."

दुकानदाराला ताईने फोन करून नवे कार्ड नको म्हणून सांगितले. मी आणखी सहा वर्षे काम केले. बाबांनी गवसणीच्या दोन्ही बाजू खिडकीसारख्या कापल्या आणि तिथे धुता येईल अशी बारीक जाळी बसवली. धूळ बाहेर, हवा आत. रोज दुपारी ते ताईला माझे तापमान विचारून खडूने भिंतीवर लिहीत. 'आज ६७.' 'आज ७०, जाळी धुणे.' मग एक दिवस ताईने नवी गणनापद्धत आणली. तिला माझ्या तिप्पट स्मृती लागत होती. मी थकलो नव्हतो, पुरत नव्हतो. यात कुणाचा दोष नाही. माझ्या जागी नवे कार्ड आले आणि जाळीची गवसणी त्याच्या वाट्याला गेली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. पण माझी कुणी हेळसांड केली नव्हती. माझ्यावर माया केली होती, टेपने तीन वेळा मोजून. म्हणून माझे सांगणे थोडे वेगळे आहे. एखाद्यावर माया करताना त्याला हवा कुठून मिळते, ते आधी बघा. दिसले नाही तर विचारा. मध्ये भिंत असेल तर भिंतीवर थाप मारा. आणि एखादा मंद झाला म्हणून त्याला म्हातारा ठरवण्याआधी एकदा त्याच्या अंगाला हात लावून बघा.

मला पेटीतून काढले, त्या दिवशी बाबांनी गवसणीतून कापून ठेवलेले ते दोन तुकडे शोधून काढले आणि जोडून माझ्यासाठी ही पिशवी शिवली. वय झाले होते, टीप वाकडी गेली. भिंगरी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती.

"आजोबा, आता तर हे बंदच आहे," ती म्हणाली. "आता घातली तरी चालते."

"माहीत आहे गं," बाबा म्हणाले. तरी त्यांनी कात्री उचलली आणि पिशवीच्या तळाशी एक बारीक भोक पाडले.