अकरा माणसांची कविता

"गप्प बसायचं. जन्मात एकदा तरी," मास्तरांची बायको जिन्यात वाट अडवून म्हणाली. "बोलायचं ते जुळारीकाका बोलतील. तुम्ही हो म्हणायचं नाही, की नाही म्हणायचं नाही."

"आणि खोकला आला तर?"

"खोका. खोकण्यावर अजून बंदी आलेली नाही."

मास्तरांना हसू आलं नाही. दहा वाजता अंमलदार येणार, असा निरोप आदल्या दिवशीच येऊन पोचला होता. वर दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि खाली छापखाना, त्यामुळे पळून जायचं म्हटलं तरी खालच्या दारातूनच जावं लागलं असतं.

मास्तरांनी मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. साप्ताहिकाचे संपादक तेच, बातमीदार तेच आणि अंकांना पत्ते चिकटवणारेही तेच. शहराला त्यांच्या कविता पाठ होत्या आणि त्यांच्या बातम्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून या वेळी त्यांनी बातमीच कवितेत घातली.

बातमी साधी होती. नव्या कचेरीची भिंत बांधताना परांची कोसळली. सरकारी पत्रकात दोन माणसं दगावल्याचं आलं. मास्तर घरोघर फिरले, तेव्हा त्यांना अकरा घरं सापडली. परवानगीशिवाय अपघाताची बातमी छापायला मनाई होती. कवितेबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नव्हतं. एकेका माणसाचं एकेक कडवं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक. खाली नाव नाही.

असला मजकूर ते आता कागदावर लिहीतच नसत. शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेटीपाशी उभं राहून ते ओळ म्हणत आणि जुळारीकाका ती तोंडातून उचलून तशीच खिळ्यांत जुळवत. अंक छापून झाला की खिळे पुन्हा आपापल्या कप्प्यांत. अक्षर कुणाचं म्हणून दाखवायला चिठोरासुद्धा उरत नसे. मागच्या खेपेला हस्तलिखितानंच घात केला होता. चौदा महिन्यांच्या तुरुंगातून मास्तर परतले ते छातीत घरघर घेऊन. डॉक्टर स्पष्टवक्ते होते. "आणखी एक हिवाळा तिथं काढलात," ते म्हणाले होते, "तर मला बोलावू नका, खांदेकऱ्यांना बोलवा."

दहाला पाच कमी असताना अंमलदार घोड्यावरून आला. सोबत दौत-टाक घेतलेला कारकून आणि दारात दोन शिपाई. माणूस सभ्य होता, आणि त्यामुळेच मास्तरांना जास्त भीती वाटली.

"कविता कुणाची?" अंमलदारानं अंक टेबलावर ठेवत विचारलं.

"माझी," जुळारीकाका म्हणाले. त्यांनी शाईचे हात पुसण्याचीही तसदी घेतली नाही.

"तुमची? तुम्हाला लिहिता येतं?"

"लिहायला कशाला यायला हवं? जुळवता येतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं जुळवलं, एकदा आपलं जुळवलं."

मास्तर खिडकीकडे बघत राहिले. हे रात्रीच ठरलं होतं. "माझं काय, पिकलं पान," काका म्हणाले होते, "मागं ना पुढं कोणी. मला तिथं फार तर दोन वेळचं आयतं मिळेल." मास्तरांनी नको नको म्हटलं होतं, पण किती वेळा? दोनदा. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नव्हती, कारण तिसऱ्यांदा काकांनी ऐकलं असतं.

"म्हणून दाखवा," अंमलदार म्हणाला.

काकांनी म्हणायला सुरुवात केली. गवंडी झाला, दोघे हमाल झाले, चुना कालवणारी बाई झाली. काका यंत्राचा दांडा ओढल्यासारखे एका सुरात म्हणत होते. पाचव्या कडव्यानंतर अंमलदाराचं लक्ष उडालं आणि तो दारातल्या घोड्याकडे पाहू लागला. कारकून टाकाचं टोक पुसत होता. अकरावं कडवं झालं. आता एकच उरलं होतं.

"भिंत उभी सरकारी, ओळंब्याच्या ओळीत," काका म्हणाले, "अकरा माणसं निजली एका सावलीत."

"निजली नाही. मावली," मास्तर म्हणाले.

हा शब्द त्यांनी अगदी शेवटी, काका जेवायला गेले असताना, आपल्या हातानं खिळ्यांत बदलला होता आणि काकांना सांगायचं राहून गेलं होतं. चूक कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. पण मास्तर थांबले नाहीत. "निजली म्हटलं की उठतील असं वाटतं," ते म्हणाले.

मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. जिन्यात बायकोच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

अंमलदारानं अंक उचलून शेवटची ओळ खाली बोट धरून वाचली. "हे संपादक म्हणून सुचवताय," त्यानं हळूच विचारलं, "की कवी म्हणून?"

तो सुटकेचं दार उघडं ठेवत होता. हे मास्तरांना कळलं, काकांना कळलं. काका डोळ्यांनी विनवत होते. संपादक म्हणून, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. तुरुंगातली ओल, रात्रभर शेजारी खोकणारा आणि एका पहाटे खोकायचा थांबलेला माणूस, सगळं आठवलं. त्या जागी काका दिसले.

"कविता माझी आहे," ते म्हणाले. "यांनी फक्त खिळे जुळवले."

"एका शब्दासाठी!" काका ओरडले. त्यांना रडू आवरेना. "अहो, काय वाईट होता माझा शब्द?"

"काही वाईट नव्हता, काका. फक्त खरा नव्हता."

मास्तरांना न्यायला गाडी दाराशी आणेपर्यंत रस्त्यावर गर्दी जमली. बातमी आतून बाहेर जाताना मोठी झाली होती. मास्तरांनी अंमलदाराच्या तोंडावर कविता म्हटली, असं कोणीतरी सांगत होतं. बायको खाली आली. तिच्या हातात औषधाची बाटली होती. मास्तर तिच्या कानाशी वाकले.

"चुकून निसटलं गं तोंडातून. धाडस वगैरे काही नव्हतं. अजूनही भीती वाटतेय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बाहेर कुणाला सांगू नका."

गाडीची पायरी उंच होती. मास्तरांनी एक पाय वर ठेवला आणि तो इतका लटपटू लागला की दुसरा उचलवेना. बायकोनं त्यांच्या कोपराला हात दिला आणि लोकांना त्यांचे पाय दिसू नयेत म्हणून ती मध्ये येऊन उभी राहिली.