भरतीच्या तोंडावर

नरेलने सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. बस्स, तेवढंच.

मागे भुसभुशीत वाळूची उंच भिंत, समोर समुद्र आणि मधल्या पुळणीच्या पट्ट्यावर त्यांची गाडी. भरती चांगलीच चढली होती. शेजारच्या सीटवर तिचा बाप क्लॅरी ऑपरेशन झालेला गुडघा लांब करून बसला होता.

"फ्रिज!" तो खेकसला. "डिकीतल्या तुझ्या त्या मेल्या फ्रिजनं बॅटरी उतरवली. गाडी बंद, फ्रिज चालू!"

"आणि त्यातली बिअर कोण ढोसत होतं? अजून एकच मासा, अजून एकच मासा, कोण म्हणत होतं?"

या किनाऱ्यावर कुणाचीही गाडी बंद पडो, बॉनेट उघडायच्या आधीच फ्रिज गुन्हेगार ठरतो. नरेललाही तसंच वाटलं. तिने फ्रिजची वायर उपटली, थोडं थांबली, सेल्फ मारला. टक्.

फोनला रेंज नव्हती. शहाणी माणसं भरतीआधीच निघून गेली होती. ऑटोमॅटिक गाडी, धक्का मारून काही उपयोग नाही. पहिली लाट पुढच्या चाकाखाली शिरली आणि चाकाजवळची वाळू घेऊन परतली. अशा आणखी थोड्या लाटा आल्या की गाडी रुतणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तू वर चढ," क्लॅरी म्हणाला.

"आणि तू?"

"मी टपावर बसून मासे धरतो."

"फालतू बडबड नको, डॅड!" तिचा आवाज चिरकला. एवढा आडदांड माणूस त्या वाळूतून वर ओढून नेणं तिच्या बापजन्मात जमलं नसतं. ती घाबरली होती, आणि घाबरली की तिचं डोकं फिरायचं. कुणाला तरी दिसेल म्हणून तिने हेडलाइट लावले. लख्ख उजेड फेसावर पडला. तशीच तिने किल्ली फिरवली, तर दिवे एकदम गुल. किल्ली सोडली, दिवे परत लख्ख.

उतरलेल्या बॅटरीचे दिवे मिणमिणतात. म्हणजे बॅटरीत जीव होता. सेल्फपर्यंत पोचत नव्हता.

तिने सगळं बंद केलं आणि बॉनेट उघडलं. बॅटरीला वायर जोडणारं एक टर्मिनल गार, दुसरं चटका बसेल इतकं गरम. हलवलं तर हातात गरगर फिरलं. माशाच्या तोंडातला गळ काढायच्या पक्कडीने तिने ते उपसलं. आत पिवळं ग्रीस थापलेलं, त्यात वाळू. खाऱ्या हवेत सगळेच ग्रीस लावतात, पण टर्मिनल आवळल्यावर, वरून. आत लावलं तर धातूला धातू भिडतच नाही. सकाळी कशीबशी चाललेली गाडी वाळूतल्या धक्क्यांनी अडली होती.

पाणी घोट्यांना लागलं. तिने शर्टाच्या टोकाने ग्रीस पुसलं, आमिष कापायच्या सुरीने दोन्हीकडचा धातू चकाकेपर्यंत खरवडला, टर्मिनल दाबून बसवलं आणि पक्कडीने जीव खाऊन आवळलं.

इंजिन एका झटक्यात लागलं. चाकं जागच्या जागी फिरली, खोल गेली, मग कशाला तरी पकडून बाहेर आली. गाडी वर जाणाऱ्या वाटेला लागली.

वर पोचल्यावर तिने गाडी थांबवली. बापाला चांगलं फैलावर घ्यायचं होतं.

"काय होतं?" त्याने विचारलं.

तिने बरबटलेला हात त्याच्या नाकासमोर धरला. "ग्रीस. टर्मिनलच्या आत! जन्मभर गॅरेज चालवलंस ना तू?"

"आत?" क्लॅरी हसला. "असं कुठलं गाढव लावतं? आधी आवळायचं, मग ग्रीस. लहानपणीच शिकवलंय तुला."

"डॅड, आज सकाळी तूच बॉनेट उघडून..."

"कुणी? मी?" तो तिच्याकडे बघत राहिला. हसू ओसरलं. "मी तर आज बॉनेटला हातही लावला नाही. लावला का?"

तो थट्टा करत नव्हता. नरेलचा राग कुठल्या कुठे गेला. खाली पाण्यातही तिला एवढी भीती वाटली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "मीच लावलं ते."

"गाढव कुठली," क्लॅरी सुटल्यासारखा म्हणाला. "घरी चल, पुन्हा शिकवतो."

"शिकव," नरेल म्हणाली आणि तिने गिअर टाकला.