नंदनदादांनी पसंत केलेलं मोटरहोम

नंदनदादा अक्षरावहिनींना घेऊन पूर्वेकडच्या मिसिसागाहून पश्चिम किनाऱ्यावर कोक्विटलामला सुट्टीसाठी आले, आणि विमानतळावरून घर येईपर्यंत त्यांनी चारुदत्तच्या मोटरहोमचा ताबा घेतला. वास्तविक मोटरहोम अजून घेतलेलंच नव्हतं. या उन्हाळ्यात ओकानागनला जावं, मग जास्पर, जमलं तर आणखी वर उत्तरेकडे, आणि त्यासाठी एखादं जुनं मोटरहोम बघावं, एवढंच चारुदत्त आणि त्याची बायको अनुया यांचं ठरलं होतं.

"आता तुम्ही काही बघू नका," नंदनदादा पुढच्या सीटवरून म्हणाले. "मी आलोय ना! यूज्ड आरव्ही घेणं म्हणजे खेळ नाही. लोक टोप्या घालतात."

"म्हणून तर तुझी वाट बघत होतो, दादा," चारुदत्त म्हणाला.

मागच्या सीटवर अनुयाने खिडकीबाहेर पाहिलं. आपण कोणाची वाट बघत होतो हे तिला आत्ताच कळलं होतं. चारुदत्त ऑफिसात मोठी टीम सांभाळायचा, मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करायचा. पण हा चुलतभाऊ समोर आला की त्याचा चौथीतला मुलगा व्हायचा. आणि दादांचा अनुभव तरी काय? एकदा भाड्याची आरव्ही घेऊन ते अल्गॉन्क्विनला गेले होते आणि परत करताना तिचा मागचा दिवा पेट्रोल पंपाच्या खांबाला देऊन आले होते. हे खुद्द अक्षरावहिनींनीच तिला सांगितलं होतं. बाकीचं सगळं ज्ञान यूट्यूबवरचं.

अनुयाचं स्वतःचं काम म्हणजे इमारतींत पाणी कुठून मुरतं ते शोधायचं. व्हँकुव्हरकडे या कामाला तोटा नाही. बाहेरून चकचकीत काँडो, आत भिंतीतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. गेली कित्येक वर्षं ती हेच बघत आली होती. मोटरहोम म्हणजे लाकडी सांगाड्याचं, चाकांवरचं घरच. पण घरात कोणाला हे सुचलं नाही, आणि तिनेही आठवण करून दिली नाही. बघू तरी, म्हणाली.

दादांनी जाहिरातींतून हेरलेलं एक मोटरहोम बघायला शनिवारी सगळे ॲबट्सफर्डला निघाले. नंदनदादांनी गॉगल दोरीने गळ्यात अडकवला होता. चारुदत्त-अनुयाची ऊर्मी, चौदा वर्षांची, कानात इअरबड्स घालून मागे बसली होती.

मोटरहोम एका शेताच्या कडेला उभं होतं. लांबलचक, पांढरंशुभ्र, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंगाचा कप्पा, बाजूला निळ्या लाटा रंगवलेल्या. विकणारा ग्लेन नावाचा धिप्पाड माणूस होता. त्याने नंदनदादांशी हात मिळवला, चारुदत्तशी मिळवला आणि अनुयाला सांगितलं, "यू विल लव्ह द किचन."

"थँक्स," अनुया म्हणाली. "छप्पर बघू का?"

"शिडी जरा डळमळीत आहे, मॅम," ग्लेन इंग्रजीत म्हणाला आणि दादांना इंजिन दाखवायला घेऊन गेला.

दादांनी इंजिनाकडे बघून मान डोलावली. टायरला लाथ मारली. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं आणि म्हणाले, "सॉलिड!" डॉक्टर रोग्याच्या छातीवर ठोकतात तसं ते ठोकत होते, फक्त डॉक्टर ऐकतातही.

आत पाऊल टाकलं तर लव्हेंडरचा भपकारा आला. दर खिडकीत एक सुगंधी डबी.

"मॉम, इट स्मेल्स लाइक अ वेट डॉग इन अ स्पा," ऊर्मी म्हणाली.

"जुनी गाडी आहे बेटा, थोडा वास येणारच," नंदनदादा म्हणाले.

अनुयाने पर्समधून ओलावा मोजायचं यंत्र काढलं आणि ती पुढच्या वरच्या पलंगावर चढली. कोपऱ्यात वॉलपेपर नवा होता, फक्त कोपऱ्यातच. तिने यंत्र टेकवलं तर ते किंचाळायलाच लागलं. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. तिने अंगठ्याने दाबलं. भिंत आत दबली, आणि दबलेला भाग पुन्हा वर यायला वेळ लागला.

"चारुदत्त, जरा वर ये," ती म्हणाली.

तो शिडीवर चढला. तिने त्याचा हात धरून कोपऱ्यावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. पण तेवढ्यात खालून आवाज आला, "काय झालं?" आणि जे उमटलं होतं ते पुसलं गेलं.

"दादा, ही म्हणतेय की आतलं लाकूड कुजलंय."

ही म्हणतेय. त्याच्या स्वतःच्या बोटांनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं वाटतं!

नंदनदादा हसले. "अगं अनुया, ही बिल्डिंग नाही. आरव्हीच्या भिंती अशाच हलक्या असतात. फोम असतो आत. म्हणून तर मायलेज मिळतं." मग ते ग्लेनकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "माझ्या भावाची बायको इंजिनियर आहे, तिला सगळीकडे गळतीच दिसते."

ग्लेन मोठ्याने हसला. चारुदत्तही हसला. जोरात नाही, पण हसला.

अनुया खाली उतरली. तिला राग आला नव्हता. राग यायला समोरच्याबद्दल थोडी तरी अपेक्षा लागते. तिने यंत्र पर्समध्ये ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "मी हे घेणार नाही. आणि चारुदत्तने घेतलं तर मी आणि ऊर्मी त्यात बसणार नाही."

"म्हणजे काय? ग्लेन म्हणतोय संध्याकाळी दुसरी फॅमिली येतेय बघायला," दादा म्हणाले.

"त्यांना माझ्या शुभेच्छा सांगा."

चारुदत्त एकदा अनुयाकडे, एकदा दादांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, हिची इच्छा नसेल तर..." आपलं मत काय आहे ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही.

नंदनदादांचा चेहरा लाल झाला. ज्या माणसाशी दहा मिनिटांत दोस्ती केली, ज्याच्यासमोर 'सॉलिड' म्हटलं, त्याच्यासमोर घरची सून नाही म्हणते! "ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही नका घेऊ. मी घेतो. ही गाडी मी मिसिसागापर्यंत चालवत नेतो आणि तुम्हाला दर गावातून फोटो पाठवतो. अक्षरा, विमानाची तिकिटं कॅन्सल कर."

अक्षरावहिनी दाराशी उभ्या होत्या. ही बातमी त्यांना इतरांबरोबरच कळत होती.

अनुयाने त्यांना वर पलंगाशी नेलं. "वहिनी, इथे हात लावून बघा. वारा लागला की हा कोपरा उघडेल. मी चेष्टा करत नाहीये."

वहिनींनी दाबलं आणि बोट पटकन मागे घेतलं. खाली येऊन त्या म्हणाल्या, "नंदन, भिंत खरंच मऊ लागतेय. आपल्याला कशाला हवंय हे?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" नंदनदादा म्हणाले, आणि ग्लेनबरोबर कागद करायला घराकडे गेले.

परतताना दादा आणि वहिनी मोटरहोममधून मागून येत होते. पोर्ट मॅन पुलावर आल्यावर चारुदत्त म्हणाला, "तू जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतंस."

"कोणते शब्द?"

त्याने रेडिओ लावला.

नंदनदादा निघाले त्या सकाळी शेजारीपाजारी बघायला आले. दादांनी बाहेर पडताना हॉर्न वाजवला, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला धक्का दिला आणि हात हलवत निघून गेले. वहिनी खिडकीशी बसून समोर बघत होत्या. त्यांनी हात हलवला नाही.

पुढच्या आठवड्यात अनुया एक दिवस रजा घेऊन ऊर्मीला बरोबर घेऊन गेली आणि लँगलीला एका डीलरकडे दोघींनी मोटरहोम पसंत केलं. लहान होतं, दाराला पोचा होता, पडदे उसळीच्या रंगाचे होते. पण तिने छतावर चढून प्रत्येक सांधा पाहिला, कपाटांच्या आत डोकं घातलं, वॉशरूमच्या खालची फळी दाबून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत होतं. ऊर्मीने दर पलंगावर पडून बघितलं आणि म्हणाली, "इट्स अग्ली. आय लाइक इट."

चारुदत्त सही करायला आला. गाडीभोवती फिरला आणि विचारलं, "दादाला फोटो पाठवू का?"

"पाठव," अनुया म्हणाली. तिला आता खरोखरच कुतूहल वाटत होतं की आपला नवरा दादांपायी कुठपर्यंत जातो.

दादांचं उत्तर आलं: 'छोटी आहे. एका सीझनमध्ये विकाल.'

जुलैत ते तिघं ओसोयूसला तळ्याकाठी गाडी लावून बसले होते. पोहे झाले होते, ऊर्मी पाण्यात होती. चारुदत्तचा फोन वाजला. नंदनदादा. त्याने स्पीकरवर टाकला.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग दादांचा आवाज, सस्कॅचवानमधल्या कुठल्याशा गावाबाहेरून. कॅल्गरीत मित्राकडे लांबलेला मुक्काम आटोपून ते पुढे निघाले होते. हायवेवर पुढचा कोपरा सालीसारखा सोलला गेला होता. वरचा पलंग, त्यावरच्या बॅगा, भिंतीचा तुकडा, सगळं भिजून लोंबत होतं. मेकॅनिक दुरुस्त करायला तयार नव्हता, नुसता बघून हसला होता. "गारा पडल्या रे," दादा म्हणाले. "काय गारा! कुठलीही गाडी टिकली नसती. तू ये ना इकडे. दोघं मिळून काहीतरी करू."

"आणि वहिनी?"

"ती रेजायनाहून विमानाने घरी गेली. थांबली नाही. बायकांना पेशन्स नसतो."

"बघतो दादा," चारुदत्त म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने अनुयाकडे पाहिलं. "गारांनी एवढं होतं का गं?"

"नाही."

"मग तो असं का म्हणतोय?"

अनुयाने प्लेट खाली ठेवली. इतकी वर्षं संसार केल्यावर या माणसाला हेही आपणच सांगायचं, याचा तिला कंटाळा आला. "मला नको विचारू. त्याला विचार."

तो विचारेल असं तिला अजिबात वाटलं नव्हतं. पण त्याने परत फोन लावला. याही वेळी स्पीकरवरच.

"दादा, गारा नंतर पडल्या असतील. कोपरा आधीच कुजला होता. मी स्वतः हात लावून पाहिला होता, ॲबट्सफर्डला. तेव्हाच मला कळलं होतं. अनुयाने सगळ्यांसमोर सांगितलं आणि मी हसलो."

"तू आता मला शिकवणार?" नंदनदादा म्हणाले.

"नाही. आणि मी येऊ शकत नाही. आम्ही सुट्टीवर आहोत. टो कंपनीचा नंबर शोधून पाठवतो."

दादांनी फोन कापला. चारुदत्तने खरोखरच नंबर शोधला आणि पाठवला. मग अनुयाकडे बघितलं. शाबासकीची वाट बघत असावा. हात लावल्यावर जे कळलं ते बोलायला या माणसाला अर्धा उन्हाळा लागला होता, त्याबद्दल शाबासकी द्यायची तिची तयारी नव्हती.

"भांडी घास," ती म्हणाली.

तो उठला आणि भांडी गोळा करून नळाकडे गेला. ऊर्मी ओल्या अंगाने धावत आली, "मॉम, द वॉटर इज वॉर्म, कम ऑन!" अनुया चप्पल काढून तिच्यामागे पाण्यात गेली.

नंदनदादांचा पुन्हा फोन आला नाही. अक्षरावहिनींचा मात्र आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी एकटी तुमच्याकडे येऊ का, असं त्यांनी विचारलं. अनुयाने लगेच हो म्हटलं.