तिरप्या उजेडातलं नाव

लुएलाने दिव्याची मान वाकवली आणि बेसबॉलच्या ग्लव्हचा तळवा उजेडात तिरपा धरला. चामडं काळवंडलं होतं. संग्राहकांच्या मेळाव्यातल्या त्या टेबलापलीकडे चौऱ्याऐंशी वर्षांचा मर्ल डिटवायलर काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

"सावकाश बघ, पोरी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं शोधत होतो. डेटनमध्ये एका गॅरेजात निघाला, रंगाच्या डब्यांखाली."

तिने दाखल्यांचं पुस्तक पुढे ओढलं.

कारखाना : सिनसिनाटीचा, बंद पडलेला. पट्टीवर पितळी बटण.

हात : डावा.

"लेलँडचाच असणार," मर्ल म्हणाला. "थोरला भाऊ माझा. वरच्या लीगमध्ये दोन मोसम खेळला. त्याच्या सहीचा ठसा मारलेले ग्लव्ह दुकानात टांगलेले मी स्वतः पाहिलेत. पण माझ्या पाहण्याला कोण विचारतो?"

कोणी विचारत नव्हतं, कारण नियम त्याचाच होता. घरच्या माणसाच्या नावाचा ग्लव्ह घरच्याने वाचायचा नाही. परक्याने वाचायचा, आणि दाखल्यावर एकदा लिहिलं की ते कायमचं. संग्राहकांची यादी त्यावरूनच छापली जाई. शिवाय आता मर्लला समोरचा चेहराही धूसर दिसे.

अवस्था : शिवण शाबूत. सही झिजलेली.

झिजलेली, पण होती. तिने दिवा आणखी खाली ओढला तशी अक्षरं एकेक करून वर आली. लेलँड डिटवायलर. शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा.

लुएलाने पेन उचललं. पुन्हा खाली ठेवलं.

"माझ्या बाबांनी याच सभागृहात तुमच्यापुढे स्वतःच्या नावाचा ग्लव्ह वाचायला ठेवला होता."

"ऑर्विल हार्टझेल," मर्ल म्हणाला. "वरच्या लीगमध्ये अकरा सामने."

"अकरा."

त्या दिवशी मर्लने दिवा न लावताच ग्लव्ह पाहिला आणि तीन शब्द लिहिले. तीन शब्द गावात पोचायला आठवडाही लागला नाही. न्हाव्याच्या दुकानात लोक पेपर पुढे करायचे, "बघ रे ऑर्विल, यात तरी तुझं नाव दिसतंय का?" बाबा हसायचे. मग ते केस घरीच कापायला लागले, आईच्या कात्रीने, मागच्या बाजूला वेडेवाकडे. ग्लव्ह त्यांच्याबरोबरच पुरला. लुएला ठसे वाचायला शिकली ती त्यानंतर. दिवा लावायलासुद्धा आळस केला या माणसाने, हे तिने तीस वर्षं विसरू दिलं नव्हतं स्वतःला.

नाव :

तिने पेन दाबून लिहिलं, दाखला पुस्तकातून फाडला आणि त्याच्या हातात दिला.

"वाचून दाखव. मला कुठे दिसतंय."

"वाचता येत नाही."

मागे कोणीतरी ॲपल पायचा शेवटचा तुकडा पळवल्याबद्दल हसून भांडत होतं. मर्लने ग्लव्ह मांडीवर घेतला. अंगठा तळव्यावर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवला. मध्येच थांबला. परत पहिल्यापासून. शेपटीपाशी अंगठा उचलला.

"शब्द माझेच आहेत," तो म्हणाला.

"हो."

"बदल म्हणून सांगत नाही. नियम मीच केलाय." त्याने दाखल्याची घडी घातली, घडीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "पण मला तेव्हा दिसत होतं, लुएला."

"काय दिसत होतं?"

"ऑर्विलचं नाव. स्वच्छ. दिव्याची गरजच नव्हती. यादी छापायला गेली होती, आणि हार्टझेलच्या नावाचा ग्लव्ह कुठल्याच कारखान्याने कधी काढला नाही, असं मी त्यात लिहून बसलो होतो."

ग्लव्ह बगलेत मारून, कॉफीच्या टेबलाला काठीने चाचपत वळसा घालून तो गेला.

रांगेतली पुढची बाई खुर्चीत बसली. "आमच्या घरच्या कोणाचा नाही हं," ती म्हणाली. "लिलावात घेतलाय. आता तुम्ही सांगाल ते नाव."

लुएलाने पुस्तकाचं पुढचं पान समोर घेतलं. दिवा अजून वाकलेलाच होता. कोऱ्या कागदावर, नावाच्या रकान्यात, मघाचे तीन शब्द उमटलेले होते, शाईशिवाय.

तिने ते पान फाडलं.

खालच्या पानावरही होते.