गॉथांचा विजय

हॉर्नबीच्या मैदानावर हौशी मंडळी दरवर्षी अ‍ॅड्रियानोपलची लढाई नाटकासारखी खेळत. डॅन्यूब नदी ओलांडून रोमन साम्राज्यात आसऱ्याला आलेल्या गॉथ टोळ्यांनी, उपासमार आणि अपमान सोसून झाल्यावर, रोमन फौज कापून काढली, ती ही लढाई. नोकरीसाठी आपला देश सोडून इथे आलेला इंजिनिअर लहू यंदा गॉथ झाला होता. नियम साधा होता: लाकडी तलवार लागली की रोमन सैनिकाने पडायचं.

रोमन सैनिक झालेल्या, इथल्याच ब्रेटला लहूची तलवार लागली, पण तो पडेना.

“दोस्ता, तू मेलायस. पड की आता!” लहू म्हणाला.

“परत जा नदीपलीकडे,” ब्रेट हसून म्हणाला आणि त्याने ढालीची कड लहूच्या तोंडावर हाणली. हे नाटकात ठरलेलं नव्हतं.

लहूने तुटलेला दात थुंकला. पुढचा घाव त्याने मानेवर घातला. त्यानंतरचे, शिरस्त्राण उडाल्यावर, डोक्यावर. हा पडला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं.

गॉथ बायकांमध्ये उभी असलेली त्याची बायको लता किंचाळली, “अहो, थांबा! तो केव्हाच पडलाय!”

लहू थांबला. ब्रेटच्या कानातून रक्त गवतावर उतरत होतं. गॉथ जिंकले म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, आणि त्या आवाजात लहूला ब्रेटचा श्वास काही ऐकू येईना.